आधी कोण उतरणार?

सरांच्या खोलीत कुणीही गेलं की सर आधी त्याच्याकडे बघत नसत. त्याच्या मागे, दाराकडे बघत. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कोण आलंय संगं?"

एकट्याने गेलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यावं? मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही मागे वळून पाहिलं. मागे व्हरांडा होता, व्हरांड्यात बाकडं होतं आणि बाकड्यावर उन्हाचा पट्टा. "कुणी नाही सर, एकटीच आहे," म्हटलं. सर "बरं" म्हणाले, पण पटल्यासारखं म्हणाले नाहीत. "दार ओढून घ्या बाई. पुरतं लावू नका, फट ऱ्हाऊ द्या."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर सगळे हसले. प्रत्येकाला हा प्रश्न विचारून झालेला होता. कुणी म्हणालं, सरांची नजर गेलीय. कुणी म्हणालं, नजर नाही, वरचा मजला. हसता हसता एकजण मात्र म्हणाला, "मी तर आता जातानाच कुणाला तरी सोबत नेतो. म्हणजे उत्तर तरी देता येतं."

सर भौतिकशास्त्राचे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात ते माझ्या कितीतरी आधीपासून होते, आणि मी गेले तेव्हा त्यांच्याकडे संशोधन कक्ष होता. बाहेरच्या एखाद्या संस्थेकडून संशोधनासाठी पैसे मागायचे तर आपल्याला परस्पर अर्ज करता येत नाही, असा विद्यापीठाचा नियम आहे. प्रस्ताव आधी कॉलेजच्या कक्षाकडे द्यायचा, तोही मुदतीच्या पुरेसा आधी. कक्षाने तो तपासायचा, मग प्राचार्यांची सही, आणि मग कक्षाने तो पोर्टलवरून बाहेर पाठवायचा. इतर ठिकाणी हा नियम लग्नातल्या मंगलाष्टकांसारखा पाळतात. उभे सगळे राहतात, ऐकत कुणी नाही. आमच्याकडे सर ऐकत. नुसते ऐकत नसत, ऐकवायला लावत.

खोलीत टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. त्यांतली एक वेताची, जुनी, दाराकडे पाठ केलेली. तिच्यापुढे पाण्याचा भरलेला पेला. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. प्रस्ताव घेऊन आलेल्याने समोर बसायचं आणि आपला प्रस्ताव त्या खुर्चीला मोठ्याने वाचून दाखवायचा. इंग्रजीत लिहिलेला असला तरी तोंडी मराठी करून.

"खुर्चीला?" मी विचारलं होतं.

"भिंतीला वाचाल तर भिंतीला काय पडलंय?" सर म्हणाले होते. जसं काही खुर्चीला पडलेलं असतं.

रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक मोठे हुशार आणि तितकेच घाईचे. त्यांनी कापसाच्या मातीवरचा प्रस्ताव भराभरा वाचला. मध्येच सरांनी हात वर केला, मान कलती करून खुर्चीकडे कान दिला आणि म्हणाले, "थांबा. इचारतंय, माती न्यायला बांधावर कोण जाणार?" प्राध्यापक म्हणाले, "सहायक जाईल की." "फवारणी चालू असताना?" सरांनी प्रस्ताव परत केला. सरांना प्रस्ताव नामंजूर करायची सवय नव्हती. ते इतकंच म्हणत, "अजून हो म्हणंना. दुरुस्त करून आणा."

आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर बाकी काही का असेना, शेवटी एक वाक्य हवंच: कामाची जागा कोणतीही असो, तिथे आधी प्रमुख संशोधक उतरेल, मग सहायक. ते वाक्य सरांनी सगळ्या प्रस्तावांत घालायला लावलं होतं. इंग्रजीच्या बाई कवितेच्या अध्यापनावर काहीतरी करणार होत्या. त्यांच्याही प्रस्तावात त्या आधी उतरणार होत्या. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दिल्लीहून एकदा विचारणाही झाली म्हणे, की या वाक्याचं प्रयोजन काय. सरांनी उत्तर पाठवलं, "प्रयोजन वाक्यातच आहे."

पेल्यातलं पाणी वाचन संपेपर्यंत थोडं खाली गेलेलं असे. हे मी स्वतः पाहिलंय. एप्रिलात आमच्याकडे उघड्यावरचं पाणी टिकत नाही, कुणाच्याही घरी तांब्यातलं पाणी बघता बघता उतरतं, हेही खरं आहे. मी इतिहासाची, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या मानधनावर तर त्याहून नाही. तरी त्या पेल्याकडे न बघता वाचायला मला कधी जमलं नाही.

प्रस्ताव पाठवताना तर बघण्यासारखं असे. सगळं भरून झालं, बटण दाबलं, की सर उठून उभे राहत आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला कान लावत. विहिरीत खडा टाकल्यावर माणूस ऐकतो तसं. बराच वेळ तसे राहून मग मान हलवत. "हिच्यात टाकलेल्याचा आवाज येत न्हाई," म्हणत. "तळ कुठं हाय, कुणाला ठाव?" एकदा मी म्हटलं, "सर, ईमेल येतो की पोचल्याचा." सर म्हणाले, "तो तिकडून येतो बाई. तळाकडून काय येतंय, ते मी ऐकतोय."

विद्यापीठात बैठक असली की सर लाल गाडीने जात. मी दोनदा सोबत होते. सर कंडक्टरकडे दोन तिकिटं मागत. माझं तिकीट त्यात नसे, ते मी वेगळं काढे. सर वाटेकडच्या जागेवर बसत आणि खिडकीच्या जागेवर आपली पिशवी ठेवत. गाडीत कितीही गर्दी होवो, ती जागा ते देत नसत. "तिकीट हाय तिचं," म्हणून दाखवत. एकदा एक म्हातारे कडाडले, "पिशवीला काय पाय दुखत्यात काय?" सर स्वतः उठले, म्हाताऱ्यांना आपली जागा दिली आणि उभे राहिले, पण खिडकीची जागा सुटली नाही. आणि नेकनूरचा स्टॉप आला की सरांचा चेहरा बदले. ते दोन्ही हातांनी पिशवी धरून ठेवत, गच्च, गाडी पुन्हा हलेपर्यंत. लोक उतरत, चढत. सर खाली पत्र्याकडे बघत राहत. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

मग माझा प्रस्ताव झाला.

पाटोदा तालुक्यात जुन्या बारवा आहेत. बारव म्हणजे पायऱ्यांची, दगडी बांधणीची विहीर. कुठे कमानी, कुठे कोनाडे, कुठे देवता, एखाद्या पायरीवर झिजलेली अक्षरं. लोक तिथे कचरा टाकतात आणि नवरात्रात हळदकुंकूही वाहतात. या सगळ्याची पुरी नोंद करायची, असा माझा प्रस्ताव होता. मला तो मनापासून करायचा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो हवाही होता. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "बाई, बाहेरचा प्रकल्प आणलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायला मला कारण मिळेल. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत." नवऱ्याचं औषधांचं दुकान नुकतंच बसलं होतं. घर माझ्यावर होतं. प्रस्ताव गेला तर नोकरी राहणार होती, नाही गेला तर जून महिन्यात मी घरी.

मी खुर्चीसमोर बसले आणि वाचू लागले. उद्दिष्टं झाली, पद्धत झाली. मग मनुष्यबळ आलं. मी वाचलं, "प्रकल्प सहायक, एक जागा."

सरांचा हात वर गेला. "नाव काय त्याचं?"

"सर, अजून नेमायचाय. मंजुरी आल्यावर जाहिरात निघेल. नियम आहे तसा."

"नियम मला ठाव हाय. पण हे सगळं त्यानं करायचं, आन् त्याला आपण इचारलंच न्हाई. कावून?"

"सर, जो अजून नाहीच, त्याला कसं विचारणार?"

सरांनी पुढे वाचायची खूण केली. पुढे बारवांची नावं होती. मी पहिलंच नाव वाचलं, आणि सरांनी टेबलावरून वाकून माझ्या हातातला कागद घेतला. ते एका लहानशा गावाचं नाव होतं. इथे लिहीत नाही. सर ते नाव बघत बसले. त्यांचा चेहरा उतरत गेला. मग खुर्चीकडे बघितलं, इतका वेळ, की बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुलं गेली, पुढचा तास सुरूही झाला.

"न्हाई म्हणतोय," सर म्हणाले.

"अजून हो म्हणंना" नव्हे. "न्हाई म्हणतोय." हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, तुमचे छप्पन नखरे आम्ही सहन करतो. पण माझं घर त्या खुर्चीवर चालत नाही." सर म्हणाले, "खरं हाय." आणि पेला उचलून त्यातलं पाणी व्हरांड्यातल्या झाडाला घालून आले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दुपारी मी सरांच्या खोलीकडेच निघाले होते. प्रस्ताव बदलून आणला होता, पद्धत सुधारली होती, पण ते वाक्य मी मुद्दाम घातलं नव्हतं. हट्ट म्हणा. व्हरांडा मोकळा होता. बाकड्यावर एक माणूस बसला होता. तिशी उलटलेला, इस्त्रीचा पण जुना शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाईल. अशी माणसं आमच्याकडे पावलोपावली भेटतात. एमएस्सी झालेली, सेट-नेट झालेली, बायकामुलांची, आणि प्रत्येक जाहिरातीला तीच फाईल घेऊन जाणारी. मला ती ओळखू येतात, कारण मीही त्यांतलीच.

तो उभा राहिला. "म्याडम, मुलाखत आज हाय का?"

"कसली?"

"सहायकाची. एक जागा हाय न्हवं?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

तो जरा लाजला. "लिवलंय की तुमी."

माझ्या डोक्यात जे आलं ते सरळ होतं. आमच्याकडे जागा निघायच्या आधी माणूस ठरतो, हे शेंबडं पोरही जाणतं. सरांनी प्रस्ताव अडवला कशासाठी, तर आपला माणूस लावण्यासाठी. मी त्याला म्हटलं, "अजून काही नाही, जा तुम्ही," आणि तशीच तणतणत आत शिरले.

सर दाराकडे बघत होते. पण आज "कोण आलंय संगं" विचारलं नाही.

"सर, तुमच्या माणसाला सांगा, जागा अजून कागदावरसुद्धा पक्की नाही. बाहेर बसवून ठेवलाय त्याला."

"कुणाला?"

"बाकड्यावर बसलाय तो. फाईल घेऊन."

सर हळूच उठले. दारातून बाहेर बघितलं. मीही बघितलं. बाकडं रिकामं होतं. "गेला वाटतं," मी म्हटलं.

सरांनी विचारलं, "पायात काय होतं त्याच्या?"

विचित्र प्रश्न. पण मला आठवलं, कारण मला ते तेव्हाही खटकलं होतं. "काही नव्हतं. अनवाणी होता. पाय ओले होते, पँट पोटरीपर्यंत भिजलेली. नळावर पाय धुऊन आला असेल."

कॉलेजच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. हे माझ्या बोलून झाल्यावर ध्यानात आलं, आणि सरांना ते आधीच ठाऊक होतं. बाकड्याखालच्या फरशीवर ओल होती. ऊन त्या फरशीवर पडलं होतं, तरी होती.

सर बसले. वेताच्या खुर्चीकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलले. मला वाटतं, ते माझ्याकडे बघून बोलण्याची ती पहिलीच वेळ.

"लई वर्सं झाली. मलाबी एक प्रकल्प मिळालता. जमिनीतलं पाणी कसं चढतंय, कसं उतरतंय, ते मोजायचं. बारवंत यंत्र टांगायचं आन् जाऊन आकडे आणायचे. प्रस्ताव शेवटच्या दिवशी गेला. त्यावेळी कक्षात कुणी वाचत न्हवतं. तवाच्या प्राचार्यांनी इचारलं, सगळं हाय का, मी म्हनलं हाय, झाली सही. त्याच्यात बी असंच होतं. सहायक, एक जागा. नेकनूरचा गडी मिळाला. माझ्यापेक्षा हुशार, नोकरी न्हवती म्हून आला. लेकरू बारकं होतं त्याचं."

सरांनी पेला जरा पुढे सरकवला.

"तुमच्या यादीतलं पहिलं नाव, त्याच बारवंला तळाशी कमान हाय. कमानीआड खोली हाय, पाण्यालगत. तिथली हवा कोंडलेली असती. गावातली माणसं आधी कंदील सोडत्यात, तो इझला तर उतरत न्हाईत. त्यालाबी ठाव होतं ते. म्हणला, सर, यंत्र कमानीत अडकलंय, आज कंदील न्हाई, उद्या उतरतो. मी फोनवर म्हनलं, अहवाल आज जायाचाय, आकडे आजच पायजेत. तो उतरला, वर आलाच न्हाई." सरांनी हात टेबलावर ठेवला. "मी वर न्हवतो बाई. बारवंच्या वरबी न्हवतो. मी हितं ह्याच टेबलावर बसून, पैसा नीट खर्च झाला असं उपयोगितेचं प्रमाणपत्र भरत होतो."

मग ते खुर्चीकडे वळले, आणि आवाज बदलून, एखाद्या रुसलेल्याशी बोलावं तसं म्हणाले, "म्हून मी त्याला समदं वाचून दावायला लावतो. तेव्हा इचारलं न्हाई, आता तरी इचारावं."

मी खोलीतून बाहेर आले. बाकड्याकडे न बघता मी गेटपर्यंत चालत गेले.

मुदत जवळ आली. प्राचार्यांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त सगळं लवकर हवं असे. म्हणाले, "सरांचं आता वय झालं. पासवर्ड माझ्याकडेही आहे. मी पाठवून देतो, तपासणीचा शेरा मागाहून घेऊ. उद्या या." मी "येते" म्हटलं. खरंच म्हटलं. रात्री घरी गहू निवडता निवडता मी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं, की भुताला भ्यायला मी काही लहान नाही आणि नोकरी भुतापेक्षा मोठी आहे.

सकाळी प्राचार्यांच्या खोलीबाहेर थांबले असताना समोरच्या फलकावर नव्या वर्षाचा तक्ता लावलेला दिसला. विषयानुसार नावं होती. इतिहासापुढे लिहिलं होतं: तासिका तत्त्व, एक जागा. नाव नव्हतं. ती जागा म्हणजे मी. पाच वर्षं शिकवत होते आणि त्या तक्त्यात मला नाव नव्हतं. मला अचानक त्या माणसाचं लाजणं आठवलं, "लिवलंय की तुमी" म्हणतानाचं, आणि इतकं भरून आलं की मी तिथून वळले ते थेट सरांच्या खोलीत.

"कोण आलंय संगं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "असेल कुणी तर येऊ द्या."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी खुर्चीसमोर बसले आणि पहिल्यापासून वाचलं. शेवटी पेनाने नवं वाक्य लिहिलं आणि तेही वाचलं: प्रत्येक बारवेत आधी मी उतरेन, कंदील घेऊन, मी वर येऊन सांगितल्याशिवाय सहायक उतरणार नाही. वाचताना मी पेल्याकडे बघितलं नाही, त्या वेताच्या पाठीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. पण रिकाम्या खुर्चीसमोर बोलतोय असं मला वाटत नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तसं वाटत होतं.

सरांनी कान दिला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"पहिलं नाव बदलायचं का, इचारा त्याला," मी म्हटलं. मीही आता विचारू लागले होते.

"न्हाई म्हणतोय," सर म्हणाले. "तेच ऱ्हाऊ द्या म्हणतोय." आणि सही केली. मग पोर्टल उघडलं, प्रस्ताव पाठवला आणि पडद्याला कान लावला. त्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही. नुसते उभे राहिले, डोळे मिटून.

पुढचा प्रवास लांबलचक होता. शंका आल्या, उत्तरं गेली, प्राचार्य रुसले आणि मंजुरी आल्यावर मानले. मला ठेवलं. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि सिरसाळ्याचा एक एमएस्सी झालेला गडी सहायक म्हणून मिळाला. मुलाखतीला आलेल्या सगळ्यांचे पाय मी आधी बघितले. सगळ्यांच्या पायात चपला होत्या.

पहिल्या बारवेच्या दिवशी सर म्हणाले, मी येतो. निवृत्तीला आले होते, गुडघे धरत होते. मी नको म्हटलं नाही. गाडीत सरांनी कंडक्टरला सांगितलं, "एक अर्धं, तीन पूर्ण." अर्धं माझं, बायकांना गाडीत अर्धं लागतं. आम्ही तिघेच होतो. सिरसाळ्याचा सहायक माझ्याकडे बघू लागला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

बारव गावाबाहेर, कडुलिंबाखाली. उन्हाळ्याचं खूप खाली गेलेलं पाणी, म्हणजे पाणी नव्हतंच. तळाला भेगाळलेला गाळ. पायऱ्या कोरड्या, त्यांवर धूळ आणि पाखरांची शिट. सर काठावरच्या दगडी कट्ट्यावर बसले. सहायक त्यांच्यापाशी उभा राहिला. मी कंदील लावला आणि उतरू लागले.

दिवसाढवळ्याची वेळ, वर माणसं, हातात कंदील. तरी मला भीती वाटली. भीती अशी, की खाली कुणीतरी वाट बघतंय, आणि ते वाईट नाही, फक्त फार दिवस बघतंय. खाली गेलं तसा वरचा आवाज बारीक झाला. कडुलिंबावरचं पाखरू ऐकू येईना. मी कमानीशी पोचले, हात लांबवून कंदील आत धरला. ज्योत हलली, बारीक झाली, आणि पुन्हा उभी राहिली. आत ओलसर दगडाचा वास होता. भिंतीला एक गंजलेली कडी होती, तीत तारेचा तुकडा. यंत्र टांगायची असावी.

"झालं," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते माहीत नाही. "मी उतरले आधी. आता चला."

आणि वळले.

ज्या पायऱ्यांवरून मी उतरले होते, त्यांवर धुळीत माझ्या चपलांचे ठसे होते, खाली येणारे. त्या ठशांवर अनवाणी पावलं उमटली होती. ओली. माझ्या मागून, मी कमानीत वाकलेली असताना, कमानीतून निघून वर गेलेली. मी एका पावलाला बोट लावलं. पाणी गार होतं, या उन्हाळ्यात कुठल्याच विहिरीचं नसतं इतकं.

मी ओरडले नाही. त्या पावलांच्या बाजूने, त्यांवर पाय न देता, वर आले.

वर सहायक जरा बावरला होता. "म्याडम, तुमच्या आधी कुणी वर आलं का?" त्याने हळूच विचारलं. "आत्ताच सर कुणाला तरी जागा करून सरकले."

सर कट्ट्याच्या एका कडेला बसले होते. शेजारी एका माणसाला पुरेल एवढी जागा होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी एकच विचारलं, "पावलं खाली गेलेली, का वर आलेली?"

"वर आलेली, सर."

सरांनी चष्मा काढला, धोतराचा सोगा असता तर त्याने डोळे पुसले असते, पण पँट होती, म्हणून हातानेच पुसले. मग शेजारच्या रिकाम्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसले. मी आणि सहायक लांब जाऊन उभे राहिलो. तिथे आपलं काही काम नव्हतं.

परतीची गाडी उन्हं कलल्यावर मिळाली. सर वाटेकडच्या जागेवर बसले, खिडकीची जागा मोकळी ठेवली. पिशवी मात्र मांडीवर घेतली. कंडक्टर आला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. सर म्हणाले, "एक अर्धं, दोन पूर्ण, आमच्या गावाची. आन् एक नेकनूर."

मांजरसुंब्याहून गाडी वळली. नेकनूर आलं. सरांनी पिशवी खाली ठेवली. उठले, बाजूला सरून वाटेत जागा केली आणि कुणी आपल्यासमोरून जाईपर्यंत थांबावं तसे थांबले. त्यांचा हात जरासा पुढे झाला होता, पाठीवर थोपटायला होतो तसा.

कंडक्टर दारातून म्हणाला, "नेकनूरचं कोण हाय? उतरा लवकर."

कुणी उतरलं नाही. गाडीतली माणसं इकडेतिकडे बघू लागली.

"उतरला," सर म्हणाले. "चला तुमी."

घंटी वाजली, गाडी हलली. सर खिडकीकडे सरकले आणि बाहेर, स्टॉपकडे बघत राहिले, तो मागे पडून दिसेनासा होईपर्यंत. मी दांड्याला धरून उभी होते. बसायला जागा नव्हती. सरांनी मान वळवली, शेजारची जागा हाताने झटकली आणि मला म्हणाले, "बसा बाई. मोकळी हाय."